दोन माई

ज्या टीमने अख्ख्या सीझनमध्ये एकही सामना जिंकला नाही, तिच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं तर किती लिहिणार? तुम्ही-मी एक ओळ लिहू, तीही 'प्रयत्न चांगला होता' अशी, म्हणजे शिवीच. मोघे दोन पानं लिहायचे. दर सोमवारी सकाळी नऊच्या आत, दोन्ही पानं भरलेली, डावीकडे समास सोडलेला, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. आणि सगळं हिरव्या शाईत.

टीम आमच्या ऑफिसची, बेसबॉलची. नाव थंडर्स. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मराठी येत असावं, कारण टीम स्थापनेपासून गडगडतच होती. रविवारी सकाळी नदीकाठच्या मैदानावर आसपासच्या कंपन्यांच्या टीम एकमेकींशी खेळायच्या. त्यात आमचं स्थान फार महत्त्वाचं होतं. आम्ही नसतो तर दुसऱ्या कोणाला तरी शेवटचं यावं लागलं असतं. कॅप्टन कुरोकावा-सान, ऑफिसातही तेच आमचे मॅनेजर. जपानी साहेब 'सवड असेल तर या' म्हणाला की आपल्याला सवड असते. म्हणून मी लेफ्ट फिल्डला उभा राहायचो. 'खेळायचो' असं म्हणत नाही. मोघे म्हणाले असते.

मोघे स्वतः खेळत नसत. ते बाकावर बसून स्कोअर लिहायचे.

पुण्याच्या सहकारनगरातून आलेला हा पन्नाशीच्या अलीकडचा, काडीसारखा बारीक माणूस इथे जपानात, निशिकासाईला, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहायचा. ऑफिसात त्यांच्याकडे काम होतं ते प्रोजेक्टची प्रगती दर आठवड्याला क्लायंटला कळवण्याचं. या रिपोर्टमध्ये प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्यायचा असतो. मोघ्यांना लाल रंग दिसतच नसे. एकदा आमचा सर्व्हर दिवसभर बंद पडला. मोघ्यांनी त्यापुढे हिरवा ठिपका दिला आणि खाली टीप लिहिली, 'आज एकही नवी तक्रार नोंदवली गेली नाही.' हे खरंच होतं. तक्रार नोंदवायची सोय त्याच सर्व्हरवर होती.

त्यांच्या खिशाला एक तीन रंगांचं पेन असायचं, कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेलं. त्यातली हिरवी कांडी दर दोन महिन्यांनी संपायची. लाल कांडी मी ओळखायला लागल्यापासून तीच होती. 'अहो मोघे, ती वाळली असेल,' मी एकदा म्हणालो. त्यावर ते म्हणाले, 'बघा ना पेठे, जपानी क्वालिटी. इतकी वर्षं झाली, गळली नाही.'

घरी वेगळं काही नव्हतं. इथे कचरा जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक असा वेगवेगळा करून ठरलेल्या दिवशी ठेवावा लागतो. चुकलं तर पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवून ती आहे तिथेच सोडून जातात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तुमची अक्कल कळावी. मोघ्यांची पिशवी पहिल्या वर्षी कायम मागे राहायची. एकदा मी वर जाताना ते ती पिशवी हातात धरून कौतुकाने बघत होते. म्हणाले, 'चिठ्ठी किती सरळ लावलीय बघा. एक सुरकुती नाही.' वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, 'भावजी, ह्यांना ताप भरला तरी म्हणतील, थंडीचा आहे ते बरं झालं.' वहिनींच्या आवाजात कौतुक अजिबात नव्हतं.

आता ती दोन पानं. ती कुठून आली हे सांगायला हवं, कारण तशी चूक आमच्या ऑफिसखेरीज जगात कुठेही होणं शक्य नव्हतं.

कुरोकावा-सान पूर्वी दीड वर्ष पुण्यात होते. तिथून ते तीन गोष्टी घेऊन आले: पोटाची एक तक्रार, 'थोडं तिखट' हा शब्दप्रयोग आणि दहापर्यंत मराठी आकडे. ते आकडे आम्हा मराठी लोकांवर वापरायची त्यांना हौस होती. जपानीत कागद मोजताना आकड्यापुढे 'माई' लावतात, आपण 'दोन प्रती' म्हणतो तसं. तर कुरोकावा-सान कॉपी मशीनपाशी उभे राहून आम्हाला सांगायचे, 'दोन माई, प्लीज.' दोन मराठी, माई जपानी. आम्ही दोन प्रती काढून द्यायचो आणि हसायचो. साहेबाच्या विनोदाला सगळ्या देशांत हसतात.

मोघे पहिल्यांदा मैदानावर आले तेव्हा त्यांनी स्कोअरच्या वहीत एक रन समोरच्यांना जास्त लिहिला. चूक लक्षात आल्यावर ते कुरोकावा-सानसमोर जाऊन कमरेत वाकले. कुरोकावा-सान त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, 'दोन माई, दोन माई.'

इथल्या मैदानावर कोणाच्या हातून चेंडू सुटला की सगळे असंच ओरडतात. मूळ इंग्रजी 'डोंट माइंड', जपानी तोंडात शिरून त्याचं 'दोन माई' झालेलं. अर्थ एवढाच, की जाऊ दे, मनावर घेऊ नकोस. पण मोघ्यांना हे कुठून माहीत असणार? इथल्या ऑफिसात चूक झाली की कारणमीमांसा लिहून द्यावी लागते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. साहेबाने दोन कागद मागितले, असं ते समजले. सोमवारी त्यांनी दोन कागद नेऊन दिले, इंग्रजीत, खाली मोबाइलने केलेलं जपानी भाषांतर. आणि मोघेच ते, कारणमीमांसा एका ओळीत संपवून उरलेल्या जागेत त्यांनी सामन्याच्या जमेच्या बाजू लिहिल्या. कुरोकावा-साननी दोन्ही हातांनी कागद घेतले, मान लववली आणि आभार मानले. तिथेच सगळा घोळ झाला. पुढच्या रविवारी पुन्हा कोणाच्या तरी हातून चेंडू सुटला, पुन्हा सगळे 'दोन माई' म्हणून ओरडले आणि मोघ्यांनी पुन्हा दोन पानं लिहिली. आमच्या टीममध्ये चेंडू न सुटलेला रविवार नव्हताच, त्यामुळे खाडा पडायचा प्रश्न आला नाही.

ती पानं मी वाचली आहेत. आम्ही चौदा-शून्य हरलो, पंचांनी दया येऊन पाचव्या डावातच सामना थांबवला. मोघ्यांनी लिहिलं, 'सामना वेळेआधी संपल्याने सर्वांना कुटुंबासोबत जेवता आलं.' आमच्या बॉलरने लागोपाठ सहा जणांना फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. मोघ्यांनी लिहिलं, 'समोरच्या संघाला बॅट फिरवण्याची संधी मिळू दिली नाही.' हिशेब विभागातले इशिझुका-सान, कायम घाबरलेले, चेंडू येताना दिसला की जणू नोटीस येतेय असे मागे सरकायचे. त्यांच्या हातून एका सामन्यात तीन झेल सुटले. मोघ्यांनी लिहिलं, 'इशिझुका-सान आज तिन्ही चेंडूंपर्यंत पोचले. गेल्या महिन्यात ते पोचत नव्हते.'

सामना संपला की जवळच्या रेस्टॉरंटमध्ये आमची हान्सेइकाई व्हायची, म्हणजे चुका कबूल करण्याची बैठक. एकेकाने उठायचं आणि आपली चूक सांगून माफी मागायची. आपल्याकडे अशा बैठकीत दुसऱ्याच्या चुका सांगतात, त्यामुळे ती रंगते. ही फार उदास व्हायची. इशिझुका-सान तर स्वतःच्या संपल्या की हवामानाबद्दलही माफी मागायचे. मोघे कोपऱ्यात बसून हिरव्या शाईत टिपणं काढत असायचे.

'कुरोकावा-सान कडक आहेत हो,' एकदा मोघे मला ट्रेनमध्ये म्हणाले. 'कोणाचीही चूक होवो, दोन माई मलाच मागतात. पण बरंय, हात लिहिता राहतो.'

मला उलगडा झाला तो तेव्हा. त्याच क्षणी सांगायला हवं होतं, पण इतका चांगला विनोद असा एका वाक्यात संपवायचा म्हणजे जिवावर आलं. मी तो पुरवून पुरवून वापरला. कोजागरीला वापरला, दिवाळीच्या फराळाला वापरला, वहिनी स्वयंपाकघरात आणि मोघे चकलीतल्या जमेच्या बाजू सांगण्यात गुंतलेले असताना वापरला. आमच्या मराठी मंडळींची हसून मुरकुंडी वळायची. दीड वर्ष तो विनोद मला पुरला.

मग तो शेवटचा सीझन आला. कुरोकावा-सान येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. ते कॅप्टन झाल्यापासून थंडर्स एकदाही जिंकली नव्हती. ते कधी काही बोलत नसत, पण एका हान्सेइकाईत सगळ्यांच्या माफ्या संपल्यावर हिरव्यागार सोड्यात चमचा ढवळत ते म्हणाले, 'एक. जाण्याआधी एक जिंकायला आवडेल मला.' मराठीत म्हणाले 'एक', बाकीचं जपानीत. इशिझुका-साननी लगेच माफी मागितली. मोघ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आम्ही त्यानंतरचे सगळे सामने नेमाने हरलो. शेवटचा उरला. समोर एका बेकरीवाल्यांची टीम होती. ही माणसं पहाटेपासून पाव भाजून थेट मैदानावर यायची आणि उभ्याउभ्या पेंगायची. तेव्हा संधी होती. पण त्या दिवशी आमच्याच एकाची पाठ धरली आणि आम्ही आठजण उरलो. नऊ नसतील तर सामना सोडून द्यावा लागतो. सगळ्यांनी बाकाकडे बघितलं. बाकावर मोघे होते.

'मी कॉलेजात क्रिकेट खेळायचो,' मोघे उठून उभे राहत म्हणाले. कॉलेजात ते बारावे होते, हे वहिनींनी मला पूर्वीच सांगितलेलं होतं.

त्यांना राइट फिल्डला उभं केलं, कारण तिकडे चेंडू क्वचित जातो. पाठ धरलेल्याचा शर्ट त्यांच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसत होता. आणि काय झालं कोण जाणे, बेकरीवाले पेंगले म्हणा, आम्ही तीन-दोनने पुढे गेलो. शेवटचा डाव आला. त्यांचा एक गडी बाद झालेला, आणखी दोन काढायचे. त्यांची दोन माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावायला टपलेली. कुरोकावा-सान दर चेंडूनंतर टोपी काढून पुन्हा घालत होते.

आणि चेंडू उंच उडाला तो राइट फिल्डलाच.

मोघे मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे गेले, आणि दोन्ही हात छातीशी घेऊन त्यांनी तो झेल घेतला. खोटं कशाला बोलू, मी आनंदाने ओरडलो. मोघ्यांनी चेंडू आभाळाकडे उंच धरला आणि मिठ्या मारायला कोण धावत येतंय याची वाट बघत ते हसत उभे राहिले.

क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मेला, संपलं. बेसबॉलमध्ये तसं नाही. झेल झाला की बेसवरची माणसं पळायला मोकळी असतात. तिसऱ्या बेसवरचा पळत सुटला. सगळी टीम मोघ्यांकडे धावत ओरडायला लागली, 'बॅक होम! बॅक होम!' म्हणजे चेंडू ताबडतोब होम बेसकडे फेक. मोघ्यांनी मान डोलावली. ते मला नंतर म्हणाले, 'आनंदात मी गडी मोजायचेच विसरलो. मला वाटलं, मॅच संपली, घरी चला म्हणतायत.' ते चेंडू हातात घेऊन, टोपी काढून, चालत यायला लागले. ते निम्म्या वाटेवर असताना बेकरीवाल्यांचा दुसराही माणूस आरामात घरी पोचला. चार-तीन.

मोघ्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कुरोकावा-सान त्यांच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, 'दोन माई.'

'हो,' मोघे खाली बघत म्हणाले. 'लिहितो.'

ते ऐकून माझं डोकं फिरलं. हरल्याचा राग, त्या मूर्ख हसऱ्या चेहऱ्याचा राग, सगळा एकदम आला. सायकली काढताना मी म्हणालो, 'मोघे, पुरे करा आता ते लिहिणं. दोन माई म्हणजे काय, माहितेय का तुम्हाला?' आणि सगळं सांगितलं, दिवाळीच्या फराळासकट.

मोघ्यांनी सायकलचं कुलूप उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

'म्हणजे त्यांनी कधी मागितलीच नव्हती?'

'नाही.'

'एकदाही?'

'एकदाही नाही, मोघे.'

मी वाट बघितली. मला खात्री होती, आता ते यातही काहीतरी चांगलं काढतील, कागदाची प्रत बरी होती वगैरे. पण ते सायकल हातात धरून नदीच्या बांधावरून चालत घरी गेले. मला माझी लाज वाटली. तोपर्यंत ती कधी वाटली नव्हती, हे आणखी वाईट.

सोमवारी पानं आली नाहीत. मोघे जागेवर बसून मान खाली घालून काम करत होते. अकराला इशिझुका-सान माझ्यापाशी येऊन विचारून गेले, 'मोघे-सानना बरं नाही का?' दुपारी बॉलर येऊन गेला. चारला खुद्द कुरोकावा-सान आले आणि उगाचच माझ्या मॉनिटरकडे बघत उभे राहिले. मग मी सगळं कबूल केलं. अगदी हान्सेइकाईत करतात तसं, उभं राहून.

कुरोकावा-साननी दातांतून लांब श्वास ओढला. ते म्हणाले, 'पहिल्यांदा त्यांनी कागद दिले, तेव्हा मला कळेना हे का देतायत. मला वाटलं, भारतात अशी पद्धत असेल. विचारणं बरं दिसलं नसतं.'

'आणि नंतर?'

'नंतर मी वाट बघायला लागलो. मी प्रती काढून सगळ्यांना वाटायचो, तुम्हालाही. रविवारी आम्ही आमच्या चुका मोजतो, पेठे-सान. उरलेलं मोघे-सान मोजायचे. इशिझुकाने मे महिन्यातच टीम सोडतो म्हणून सांगितलं होतं. तिन्ही चेंडूंपर्यंत पोचलात, असं त्याला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.'

बुधवारी मोघ्यांच्या टेबलावर दोन कागद होते. कोपऱ्यात स्टेपल मारलेले, हाताने लिहिलेले, खाली कुरोकावा-सानचा शिक्का. शाई हिरवी. वर देवनागरीत शीर्षक, 'दोन माई', त्यातल्या 'दो'वरची मात्रा उलटीकडे झुकलेली. बाकी जपानीत. मोघ्यांचं जपानी बेताचंच, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. रविवारनंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, 'वाचा.'

म्हणून मी, ज्याने दीड वर्ष या कागदांवर लोकांना हसवलं, तो मोठ्याने वाचायला लागलो.

'एक. मोघे-सान यांनी झेल घेतला. या सीझनमध्ये राइट फिल्डला आपल्या संघाने घेतलेला हा पहिला झेल.

दोन. झेल घेतल्यावर त्यांनी चेंडू शेवटपर्यंत हातातून सोडला नाही. आपल्या संघात हे दुर्मीळ आहे.

तीन. नववा माणूस उभा राहिल्यामुळे सामना होऊ शकला.

चार. त्यामुळे आपण पुढे गेलो. मी घड्याळ बघत होतो. आपण अठरा मिनिटं जिंकत होतो. मी कॅप्टन झाल्यापासून हे पहिल्यांदा पाहिलं. निवृत्तीआधी मला जे पाहायचं होतं, ते मी अठरा मिनिटं पाहिलं.'

असे एकूण एकवीस मुद्दे होते. मी निम्म्यावरच थांबलो. मोघ्यांनी कागद परत घेतले. खिशातून पेन काढलं, लाल कांडी खाली दाबली आणि ती उलटी मात्रा दुरुस्त करायला टोक कागदाजवळ नेलं. मग लाल कांडी वर घेऊन पेन खिशाला लावलं.

'राहू दे,' ते म्हणाले. 'छान आलीय.'

त्या वसंतात कुरोकावा-सान निवृत्त झाले आणि मोघ्यांची बदली परत पुण्याला झाली. सायकलपाशी जे बोललो त्याबद्दल मी माफी मागायची, असं हिवाळाभर ठरवत होतो. ऑफिसात जमलं नाही, बिल्डिंगमध्ये जमलं नाही. विमानतळाची बस सुटते तिथे गाठायचं ठरवलं, तर मी स्टेशनच्या भलत्याच बाजूने बाहेर पडलो. धावत पोचलो तेव्हा बसचं दार लागलेलं होतं. वहिनी खिडकीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. पलीकडे मोघे. त्यांनी मला पाहिलं.

काचेतून ऐकू जाणार नव्हतं. मी चारचौघांत, रांगेतल्या जपानी माणसांसमोर, दोन्ही कान पकडले. मोघे हसले. मग त्यांनी दोन बोटं वर केली आणि ओठ हलवून काहीतरी म्हणाले. ते काय म्हणाले ते ओठांवरून सहज कळत होतं. बस वळून गेली.

आता त्यांना दोन्ही अर्थ माहीत होते. 'जाऊ द्या हो' म्हणाले की 'दोन पानं लिहून द्या' म्हणाले, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून लिहून टाकलं. दोनात बसलं नाही.